अंटार्क्टिकावरील भारतीय टपाल : बर्फावरच्या ठशाची चाळीस वर्षे

अंटार्क्टिका खंडावरील 'भारती' या भारतीय संशोधन केंद्रात ५ एप्रिल २०२४ रोजी टपाल कार्यालयाची नवी शाखा सुरू झाली. महाराष्ट्र परिमंडळाचे तत्कालीन मुख्य पोस्टमास्तर जनरल के. के. शर्मा यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे तिचे उद्घाटन केले. दक्षिण ध्रुवाकडच्या कार्यालयाचे उद्घाटन महाराष्ट्राच्या टपाल अधिकाऱ्याने का करावे, असा प्रश्न अनेकांना पडला असेल. त्याचे उत्तर टपाल खात्याच्या रचनेत आहे. टपालाच्या दृष्टीने गोवा राज्य महाराष्ट्र परिमंडळात मोडते आणि अंटार्क्टिकावरील भारतीय टपाल कार्यालये गोवा विभागाला जोडलेली आहेत. कागदोपत्री पाहता वास्को द गामा हे शहर आणि अंटार्क्टिकाच्या पूर्व भागातील लार्समन टेकड्या एकाच टपाल विभागाच्या कक्षेत येतात.

या कार्यालयाचे कामकाज नेहमीच्या टपाल कार्यालयासारखे नाही. तेथे पोस्टमन नाही, मनीऑर्डर नाही, रोजची टपालाची थैलीही नाही. जमा झालेली पत्रे वर्षातून एकदा मोहिमेच्या परतीच्या प्रवासात गोव्याला येतात आणि तेथून पुढे पत्त्यावर रवाना होतात. केंद्रातील संशोधक उपग्रहामार्फत घरच्यांशी केव्हाही बोलू शकतात. मग पत्रासाठी वर्षभर कोण थांबेल? तरीही देशभरातून पत्रे या कार्यालयाकडे येतात आणि त्यांतील बहुतेक पाकिटांत मजकूर नसतो. पाठविणाऱ्याला हवा असतो तो तिकिटावरचा गोल ठसा. त्या ठशात स्थळाचे नाव असते आणि तारीख असते. ध्रुवप्रदेशांच्या टपालाचा इतिहास हा बव्हंशी या एका ठशाचा इतिहास आहे. पत्र पोहोचविणे हे त्याचे दुय्यम काम. कोण, कुठे, केव्हा उपस्थित होते याची साक्ष देणे हे त्याचे मुख्य काम.

ठसा आणि मालकी

ही साक्ष भारताने उमटवली त्याच्या कितीतरी आधी इतर देशांनी ती वापरली होती, आणि तिचा हेतू सरळ नव्हता. १९०४ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम ब्रूस यांच्या मोहिमेने दक्षिण ऑर्कनी बेटांपैकी लॉरी बेटावरील आपले हवामान केंद्र अर्जेंटिनाच्या स्वाधीन केले. २२ फेब्रुवारी १९०४ रोजी तेथे अर्जेंटिनाचा ध्वज चढला. केंद्र चालविण्यासाठी आलेल्या तुकडीत ऊगो आकुन्या नावाचा अठरा वर्षांचा तरुण होता. त्याच्या सामानात तिकिटे आणि शिक्का होता, कारण त्याची नेमणूक पोस्टमास्तर म्हणूनही झाली होती. पुढे अर्जेंटिनाने या प्रदेशावर हक्क सांगताना त्या टपाल कार्यालयाचा दाखला वारंवार दिला. १९४७ मध्ये तर 'अंटार्क्टिकातील पहिल्या अर्जेंटिनी टपालाची ४३ वर्षे' या निमित्ताने तिकिटेच काढली आणि त्यांवर आपल्या दाव्याचा नकाशा छापला. त्याच वर्षी चिलीनेही आपल्या दाव्याचा नकाशा तिकिटावर आणला.

ब्रिटनही मागे नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'ऑपरेशन टॅबरिन' या गुप्त मोहिमेत पोर्ट लॉक्रॉय येथे फेब्रुवारी १९४४ मध्ये तळ उभारण्यात आला. या प्रदेशासाठी फॉकलंड बेटांच्या तिकिटांवर जादा अक्षरे छापून वापरण्यात आली. शस्त्रे न वापरता जागेवर हक्क दाखविण्याचा हा सोपा उपाय होता. पोर्ट लॉक्रॉयचा तळ १९६२ मध्ये बंद पडला, १९९६ मध्ये त्याची डागडुजी झाली आणि आता उन्हाळ्यात येणाऱ्या पर्यटकांसाठी तेथे टपाल कार्यालय चालते. एका हंगामात तेथून सुमारे ७० हजार पोस्टकार्डे जगभर जातात. दाव्यासाठी जन्मलेल्या कार्यालयाला अखेर पर्यटकांचा आधार मिळाला.

ठसा आणि तिकीट प्रत्येक वेळी खरेच बोलतात असे नाही, याचेही एक जुने उदाहरण आहे. १९०८ मध्ये अर्नेस्ट शॅकलटन यांच्या मोहिमेसाठी न्यूझीलंडच्या एक पेनीच्या तिकिटावर 'किंग एडवर्ड सातवा लँड' असे नाव छापण्यात आले आणि स्वतः शॅकलटन यांना पोस्टमास्तर नेमण्यात आले. प्रत्यक्षात बर्फामुळे त्यांना त्या भूमीवर उतरताच आले नाही. त्यांनी तळ ठोकला रॉस बेटावरील केप रॉइड्स येथे. ज्या भूमीचे नाव तिकिटावर होते, तेथे तिकीट कधी वापरलेच गेले नाही. आज ही तिकिटे संग्राहकांच्या दृष्टीने अत्यंत मोलाची आहेत.

अमेरिकेचे रिचर्ड बर्ड यांनी १९३३ च्या मोहिमेच्या वेळी टपालाचा निराळाच उपयोग केला. अमेरिकी टपाल खात्याने तीन सेंटचे खास तिकीट काढले आणि 'लिटल अमेरिका' या तळाचा ठसा हवा असणाऱ्यांकडून त्यावर आणखी पन्नास सेंट घेतले. पाकिटांचा एवढा ढीग जमला की पहिल्या खेपेत सर्वांवर शिक्के मारणे शक्य झाले नाही. अखेर १९३५ च्या जानेवारीत टपाल खात्याचा खास अधिकारी बर्फावरच्या तळात जाऊन बसला आणि त्याने उरलेले काम पुरे केले. संग्राहकांच्या हौसेवर ध्रुवमोहिमेच्या खर्चाचा काही भार टाकता येतो, हे त्या काळातच स्पष्ट झाले होते.

दिल्लीची भूमिका

या सर्व घडामोडींकडे दिल्ली वेगळ्या नजरेने पाहत होती. १९५६ मध्ये भारताने 'अंटार्क्टिकाचा प्रश्न' संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याची मागणी केली. या खंडाचा वापर शांततेसाठीच व्हावा, असा तिचा आशय होता. १९५८ मध्ये हा प्रयत्न पुन्हा झाला. दोन्ही वेळा तो पुढे गेला नाही. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी वॉशिंग्टन येथे अंटार्क्टिका करारावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यांत भारत नव्हता. २३ जून १९६१ रोजी अमलात आलेल्या या कराराच्या चौथ्या कलमाने सर्व देशांचे प्रादेशिक दावे आहे तेथेच गोठविले. करार चालू असेपर्यंतच्या कोणत्याही कृतीमुळे नवा हक्क निर्माण होत नाही, असे हे कलम सांगते. त्यामुळे टपाल कार्यालय उघडून हक्क सिद्ध करण्याचा मार्ग बंद झाला.

भारत या खंडावर गेला तो त्यानंतर वीस वर्षांनी. जुलै १९८१ मध्ये केंद्र सरकारने सागर विकास विभाग स्थापन केला. या विभागाचे सचिव डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून 'पोलर सर्कल' या जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तयारी इतकी गुप्त ठेवण्यात आली होती की बातमी बाहेर आल्यावर अनेक देशांना आश्चर्याचा धक्का बसला. बरोबर एक वर्षाने, ९ जानेवारी १९८३ रोजी, टपाल खात्याने या मोहिमेचे एक रुपयाचे तिकीट काढले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारत करारात सामील झाला आणि १२ सप्टेंबर १९८३ रोजी त्याला सल्लागार सदस्याचा, म्हणजे मतदानाचा, दर्जा मिळाला.

डिसेंबर १९८३ मध्ये डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली तिसरी मोहीम 'फिनपोलॅरिस' या जहाजातून निघाली. तिच्यावर मोठी जबाबदारी होती. भारताचे पहिले कायम केंद्र उभारायचे होते आणि बारा जणांना तेथे हिवाळाभर ठेवायचे होते. याच मोहिमेत प्रथमच दोन भारतीय महिला शास्त्रज्ञ अंटार्क्टिकावर पोहोचल्या. त्यांपैकी सागरशास्त्रज्ञ अदिती पंत या मूळच्या नागपूरच्या. दुसऱ्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. किनाऱ्याला लागून समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाच्या थरावर 'दक्षिण गंगोत्री' हे केंद्र उभे राहिले. २४ फेब्रुवारी १९८४ रोजी तेथे भारतीय टपाल कार्यालय सुरू झाले. लॉरी बेटावरच्या घटनेला त्या आठवड्यात ऐंशी वर्षे पूर्ण झाली होती.

मात्र दोन्ही घटनांत महत्त्वाचा फरक होता. भारताने या खंडाच्या कोणत्याही भागावर हक्क सांगितलेला नाही, त्यामुळे तेथील टपालासाठी वेगळी तिकिटेही काढली नाहीत. ऑस्ट्रेलिया १९५७ पासून आपल्या 'अंटार्क्टिक प्रदेशा'साठी तिकिटे छापतो, फ्रान्स १९५५ पासून आणि ब्रिटन १९६३ पासून. दक्षिण गंगोत्रीच्या पाकिटांवर लागली ती सातारा, सोलापूर किंवा करोलबागेतल्या टपाल कार्यालयात मिळणारी साधी भारतीय तिकिटे. प्रस्तुत लेखकाच्या मते या संग्रहविषयाचे खरे वैशिष्ट्य हेच आहे. तिकीट साधे, ठसा मात्र असाधारण.

पहिल्या वर्षभरातच या कार्यालयातून सुमारे १० हजार पत्रांवर ठसे उमटले. केंद्रात हिवाळ्यासाठी राहिलेली माणसे होती बारा. एवढी पत्रे त्या बारा जणांची असणे शक्य नाही. म्हणजे संग्राहकांनी या कार्यालयाची दखल पहिल्याच दिवसापासून घेतली होती. १९८८ मध्ये हे कार्यालय टपाल खात्याच्या गोवा विभागात रीतसर समाविष्ट करण्यात आले आणि शास्त्रज्ञ जी. सुधाकर राव यांची पहिले मानद पोस्टमास्तर म्हणून नेमणूक झाली. तेव्हापासून हे काम मोहिमेतील कोणातरी सदस्याकडे जादा जबाबदारी म्हणून येते. हवामानाची नोंद, जनित्रांची देखभाल, स्वयंपाकघराची पाळी यांच्या जोडीला शिक्का आणि शाई सांभाळणे हेही एक काम.

दोन बर्फाळ ठाणी

१९८४ या वर्षाचा आणखी एक संदर्भ येथे देणे आवश्यक आहे. दक्षिण गंगोत्रीचे टपाल कार्यालय सुरू झाल्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी, १३ एप्रिल १९८४ रोजी, भारतीय सैन्याने 'ऑपरेशन मेघदूत'द्वारे सियाचीन हिमनदीच्या परिसरातील उंच खिंडी ताब्यात घेतल्या. एकाच वर्षी भारतीय माणसे दोन टोकाच्या बर्फाळ प्रदेशांत कायम राहू लागली. दोन्हीकडून घरी पत्रे येऊ लागली. परंतु त्यांच्या पाकिटांत मोठा विरोधाभास होता.

सैनिकाच्या पत्त्यावर ठिकाण नसते. 'द्वारा ५६ एपीओ' एवढेच लिहायचे आणि त्याआधी तुकडीचे नाव. उत्तर व पश्चिम भागांतील तुकड्यांसाठी असलेले हे टपाल नवी दिल्लीतील मध्यवर्ती लष्करी टपाल कार्यालयात येते आणि तेथे त्याची वर्गवारी होते. पूर्वेकडील तुकड्यांसाठी '९९ एपीओ' असून त्याचे केंद्र कोलकाता आहे. पत्र हिमनदीकडे चालले आहे की राजस्थानच्या वाळवंटाकडे, हे पाकिटावरून कोणालाही कळू नये, अशीच ही व्यवस्था आहे. लष्करी टपालाचा ठसा स्थळ लपवितो. अंटार्क्टिकाचा ठसा स्थळ जाहीर करण्यासाठीच मारला जातो. ज्यांच्या घरात लष्करी पत्रांचा गठ्ठा आहे, त्यांना ही लपवाछपवी ठाऊक असते. पत्र वाचूनही मुलगा नेमका कुठे आहे हे आईला कळत नसे. मजकुरातल्या थंडीच्या उल्लेखावरून काय तो अंदाज.

देशातील पत्त्यांना सहा अंकी पिन क्रमांक देण्याची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते. संस्कृत कवी आणि नाटककार म्हणूनही ते प्रसिद्ध होते. त्यांनी देशाचे आठ भौगोलिक विभाग केले आणि नववा अंक लष्करी टपालासाठी राखून ठेवला. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, नवी दिल्लीत भरलेल्या 'इंडिपेक्स' या जागतिक तिकीट प्रदर्शनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या नऊ विभागांच्या आराखड्यात दक्षिण ध्रुवाकडच्या खंडाला जागा असण्याचे कारणच नव्हते. म्हणून ते खंड पुढे गोव्याच्या आश्रयाला गेले. भारतीच्या शाखेसाठी 'एमएच-१७१८' हा क्रमांक प्रायोगिक स्वरूपात देण्यात आल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यातील 'एमएच' ही अक्षरे महाराष्ट्राची आहेत.

दक्षिण गंगोत्री ते भारती

दक्षिण गंगोत्रीचे आयुष्य अल्प ठरले. केंद्र हिमथरावर उभे असल्याने दरवर्षीच्या बर्फवृष्टीने ते हळूहळू गाडले जाऊ लागले. १९९० पर्यंत ते वापरातून काढावे लागले. काही काळ तेथे केवळ सामानसुमान ठेवले जात असे. दरम्यान आतल्या बाजूला शिरमाखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर 'मैत्री' हे नवे केंद्र तयार झाले होते. १९९० मध्ये टपाल कार्यालय तेथे आले. तिसरे केंद्र 'भारती' १८ मार्च २०१२ रोजी कार्यान्वित झाले. मैत्री आणि भारती यांच्यात सुमारे ३,००० किलोमीटरचे अंतर आहे. दिल्लीहून कन्याकुमारीला जाण्यापेक्षाही हे अंतर अधिक, पण टपाल विभाग एकच. भारतीला स्वतःचा ठसा मिळायला मात्र बारा वर्षे लागली.

मोहिमेचा मार्गही बदलला. पूर्वी संपूर्ण प्रवास गोव्याहून जहाजाने होत असे आणि दहा हजार किलोमीटरहून अधिक समुद्र ओलांडावा लागे. आता बरेच सदस्य केपटाऊनपर्यंत विमानाने जातात आणि तेथून पुढे विमानाने किंवा जहाजाने. टपालाची रीत मात्र फारशी बदललेली नाही. अंटार्क्टिकाचा ठसा हवा असणाऱ्याने आपले पत्र गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे पाठवायचे. हे केंद्र वास्को द गामा येथील सडा भागात, समुद्रालगतच्या टेकडीवर आहे. मोहीम निघते तेव्हा एका सदस्याकडे पत्रांचा गठ्ठा सोपविला जातो. केंद्रात पोहोचल्यावर तिकिटांवर ठसे मारले जातात, गठ्ठा परत गोव्याला येतो आणि तेथून पत्रे टपालाने मूळ मालकांकडे जातात. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर पत्र पाठविणाऱ्याच्याच घरी परतते.

हा हौसेचा खेळ आहे, अशी टीका होते आणि ती पूर्णपणे निराधार नाही. स्वतःच्याच नावे कोरे पाकीट पाठवून ठसा मिळविणे म्हणजे पत्रव्यवहार नव्हे. तरीही अशा पाकिटांमुळेच छोट्या कार्यालयांचे अस्तित्व टिकून राहते. हिमाचल प्रदेशात स्पितीच्या खोऱ्यातील हिक्किम येथे सुमारे १४,५०० फूट उंचीवर १९८३ मध्ये सुरू झालेले टपाल कार्यालय आहे. ते गावकऱ्यांची बचत खाती आणि पत्रे यांसाठी सुरू झाले. आज मात्र त्याचे नाव देशभर पोहोचले ते पर्यटकांच्या पोस्टकार्डांमुळे. फरक एवढाच की हिक्किमला गाव आहे. अंटार्क्टिकाला नाही.

उत्तर ध्रुवाकडची स्थिती वेगळी आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात नी-ऑलेसुंड येथे भारताचे 'हिमाद्री' केंद्र १ जुलै २००८ रोजी सुरू झाले आणि डिसेंबर २०२३ पासून भारतीय संशोधक तेथे हिवाळ्यातही राहू लागले. परंतु १९२० च्या स्वालबार्ड कराराने या बेटांवर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य केलेले असल्याने तेथील टपाल नॉर्वेच्या तिकिटांवर जाते. त्या करारावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचीही स्वाक्षरी आहे. भारतीय ठसा उमटतो तो दक्षिणेतच, कारण तेथे जमिनीचा कोणी सर्वमान्य मालक नाही.

संग्राहकाने काय पाहावे

भारतीय ध्रुवीय टपालाचा संग्रह करू इच्छिणाऱ्याने प्रथम दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. एक, दिल्लीत ठरविलेली आणि भारतात छापलेली ध्रुवविषयक तिकिटे. यांची संख्या थोडी आहे. १९८३ च्या तिकिटानंतर १९९१ मध्ये अंटार्क्टिका कराराच्या तिसाव्या वर्षानिमित्त पाच रुपये आणि साडेसहा रुपये अशी जोडतिकिटे निघाली. डिसेंबर २००९ मध्ये 'ध्रुवप्रदेश व हिमनद्या वाचवा' या विषयावर तिकिटे आणि लघुपत्रक काढण्यात आले. फिनलंड आणि चिली यांच्या पुढाकाराने चाळीसहून अधिक देशांच्या टपाल खात्यांनी एकत्र राबविलेल्या उपक्रमाचा तो भाग होता. ही तिकिटे मिळविणे फारसे अवघड नाही आणि त्यांसाठी मोठा खर्चही येऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष प्रवास केलेली पाकिटे. खरा इतिहास येथे आहे. पाकीट हाती आल्यावर प्रथम ठशातील तारीख वाचावी आणि ती त्या मोहिमेच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावी. जहाज किनाऱ्याला लागण्यापूर्वीची तारीख असेल तर शंका घ्यावी. मे ते सप्टेंबर या काळातली असेल तर तो ठसा हिवाळी तुकडीनेच मारलेला असणार. अशा पाकिटाकडे अधिक लक्ष द्यावे. गोव्याला परत आल्याचा शिक्का मागे आहे का, मोहिमेचा क्रमांक किंवा जहाजाचा रबरी शिक्का आहे का, नेत्याची अथवा सदस्यांची स्वाक्षरी आहे का, हेही पाहावे. रंगीत चित्र छापलेले, सुबक अक्षरांचे पाकीट दिसायला चांगले असते. पण शिक्का हे हातात मावणारे साधन आहे आणि ते कोठेही नेता येते. म्हणून नुसता ठसा पुरावा ठरत नाही. ठसा, तारीख, मोहिमेची नोंद आणि पत्त्यावर पोहोचल्याची खूण या सर्वांचा मेळ बसला तरच पाकीट विश्वासार्ह मानावे. शॅकलटन यांच्या तिकिटाची कथा या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

संग्राहकांचे एका प्रकाराकडे मात्र आजवर दुर्लक्ष झाले आहे. ती म्हणजे १९८४ ते सुमारे १९९५ या काळात हिवाळी तुकड्यांतील शास्त्रज्ञ, लष्करी अभियंते, डॉक्टर आणि स्वयंपाकी यांनी घरी लिहिलेली खरी पत्रे. मार्चमध्ये शेवटचे जहाज गेले की पुढचे जहाज येईपर्यंत आठ-नऊ महिने टपालाची ये-जा थांबत असे. त्या काळात लिहिलेली पत्रे साठत राहत आणि एकदम पोहोचत. एप्रिलमधल्या पत्रात विचारलेल्या प्रश्नाला अर्थ उरलेला नसे. विचारपूस केलेला आजारी माणूस एव्हाना बरा झालेला असे किंवा गेलेला असे. बिनतारी यंत्रावरून मोजकी वाक्ये बोलता येत, तीही इतरांच्या कानावर पडत. मनातले सांगायला कागदच होता. अशा पाकिटावर चित्र नसते, स्वाक्षऱ्या नसतात, पत्ता घाईत लिहिलेला असतो. बाजारात त्याला भाव नाही. म्हणून ती पत्रे घरातल्या जुन्या कागदांबरोबर रद्दीत जाण्याचा धोका सर्वांत अधिक आहे. कित्येकदा घरचेच लोक तिकीट कापून मुलांना देतात आणि पाकीट फेकून देतात. असे कापलेले तिकीट म्हणजे पुन्हा एक साधे भारतीय तिकीट. त्याचे वैशिष्ट्य पाकिटाबरोबर गेले.

ज्या कुटुंबांकडे अशी पत्रे आहेत त्यांनी तिकीट पाकिटापासून वेगळे करू नये, पत्र आणि पाकीट एकत्र ठेवावे, चिकटपट्टी किंवा लॅमिनेशन करू नये आणि आम्लरहित कागदाच्या वेष्टणात, दमटपणापासून दूर ठेवावे. कोकण, गोवा आणि मुंबईच्या पावसाळ्यात तिकिटांचा गोंद आणि शाई यांना मोठा धोका असतो. मजकूर खासगी असल्यास तो कोणाला दाखविण्याची गरज नाही. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून त्यासोबत लिहिणाऱ्याचे काम, मोहिमेचा क्रमांक आणि पत्र घरी पोहोचल्याची तारीख एवढी नोंद केली तरी अभ्यासकांना ती उपयोगी पडते.

भारतीय टपालाचा मोठा संग्रह पाहायचा असेल तर नवी दिल्लीत संसद मार्गावरील डाक भवनात राष्ट्रीय फिलाटेलिक संग्रहालय आहे. पटेल चौक मेट्रो स्थानकापासून ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १९६८ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय नूतनीकरणानंतर २०११ मध्ये पुन्हा खुले झाले. सिंध प्रांताचे १८५२ चे 'सिंध डाक' तिकीट तेथील सर्वांत प्रसिद्ध वस्तूंपैकी एक आहे. स्वतंत्र भारताची तिकिटे वर्षवार पाहताना १९८३ च्या चौकटीशी थोडे थांबावे. दिल्ली परिसरातील संग्राहकांना नव्या तिकिटांसाठी संसद मार्ग टपाल कार्यालयातील फिलाटेलिक ब्यूरोत ठेव खाते उघडता येते. किमान रक्कम २०० रुपये आहे आणि नवी तिकिटे घरपोच येतात. अंटार्क्टिकाचा ठसा मात्र या खात्यावर मिळत नाही. त्यासाठी पाकिटावर तिकीट लावून, पत्ता लिहून ते मोहीम निघण्याच्या पुरेसे आधी गोव्याला पाठवावे लागते. मोहिमा साधारणतः ऑक्टोबरनंतर निघतात आणि उन्हाळी तुकड्या मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात.